लांबून जुनी मोटरसायकल घेऊन चालवत घरी आणायची असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की नऊशे किलोमीटरवर एका माणसाकडे तुम्हाला हवी तीच गाडी आहे, म्हणजे मोटरसायकल, आठ वर्षं जुनी, चाललेली कमी, फोटोत एकदम चकाचक, फक्त गेलं दीड वर्ष ती शेडमध्ये उभी आहे. मालक म्हणतोय नवीन बॅटरी टाकली की सेल्फ मारल्या मारल्या चालू होते. तुम्ही चार वर्षं गाडी चालवताय, जास्त करून शहरात. तर जाऊन पैसे द्यावेत आणि दोन दिवसांत चालवत आणावी का, आणि तिथे गेल्यावर काय काय तपासायचं.

तपासायचं काय ते सांगतोच. मी वीसेक वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, स्वतःसाठी सात वेळा लांबून गाडी चालवत आणलीय, आणि दुसऱ्यांनी अशा आणलेल्या गाड्या तर कायम माझ्या हाताखालून जातात. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. गाडी चांगली आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. तुम्हाला तिथे दोन वेगळे निर्णय घ्यायचेत. एक, ही गाडी विकत घेण्यासारखी आहे का. दोन, ही गाडी आज, आहे त्या अवस्थेत, नऊशे किलोमीटर जाण्यासारखी आहे का. पहिल्याचं उत्तर हो असलं तरी दुसऱ्याचं नाही असू शकतं, आणि दीड वर्ष उभी असलेल्या गाडीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा नाहीच असतं, भले इंजिन एक नंबर असो.

आणि हे दोन्ही निर्णय तुम्ही घेणार कधी, तर रात्रभर प्रवास करून, रजा टाकून, खिशात पैसे घेऊन, समोर मालक उभा असताना. त्या वेळी मन हो म्हणायला आधीच तयार असतं. एवढ्या लांब आलोय तर आता काय मोकळ्या हाताने जायचं, हा विचार भल्याभल्यांना येतो, मलाही आलाय. म्हणून मी जाण्याआधीच परतीचं तिकीट काढून ठेवतो. गाडी घेतली तर तिकीट रद्द करायचं, जे कापतील ते कापू देत. पण खिशात परतीचं तिकीट असलं की माणूस गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतो, नको म्हणणं सोपं जातं.

आता यात बरंच काही परिस्थितीवर आहे हेही खरं. गाडी कार्ब्युरेटरची आहे का इंजेक्शनची (इंजिनाला पेट्रोल पुरवायच्या या दोन पद्धती), ट्यूबलेस आहे का ट्यूबची, शेड कोरडी होती का दमट, टाकी पूर्ण भरून ठेवलेली का अर्धी, मधे कधी चालवली का नुसतीच चालू करून बंद केली, रस्ता सपाट का घाटाचा, पाऊस आहे का. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीये, त्यामुळे मी सगळं धरून सांगतो, तुमच्या गाडीला जे लागू नाही ते सोडून द्या.

उभ्या गाडीचं नेमकं बिघडतं काय ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. लोकांना वाटतं कमी चाललेली म्हणजे कमी झिजलेली. झीज कमी असते हे खरं, पण रबर, पेट्रोल, ब्रेक ऑइल आणि बॅटरी या चार गोष्टी किलोमीटरवर नाही, दिवसांवर खराब होतात. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो, कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमधे तो बसला की गाडी आयडलिंगला थांबत नाही किंवा अर्ध्या थ्रॉटलला दम खाते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, टाकी लोखंडी असली आणि अर्धी रिकामी असली की वरच्या बाजूला आतून गंज धरतो. हा गंज जागेवर गाडी चालू केल्यावर दिसत नाही. पन्नास-साठ किलोमीटर खड्ड्यांतून गेल्यावर तो सुटतो, फिल्टरमधे जाऊन बसतो आणि मग गाडी मधेच बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू, परत बंद.

ब्रेकचं तर मी स्वतः भोगलंय. एक गाडी घेतलेली, साधारण तुमच्यासारखीच, दोन वर्षं उभी असलेली. जागेवर सगळं झकास, गल्लीत फिरवली, ब्रेक लागतोय, सुटतोय, काही तक्रार नाही. सव्वाशे किलोमीटरवर वाटायला लागलं की गाडी जरा ओढत नाहीये. मला वाटलं समोरून वारा आहे. अजून वीस किलोमीटर तसाच गेलो आणि मग पुढचा लिव्हर एकदम दगडासारखा कडक झाला. उतरून बघितलं तर डिस्क निळी पडलेली. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन आत गंजून अडकत होता, ब्रेक लावला की पॅड पूर्ण मागे येत नव्हते, घासून घासून ऑइल तापलं, फुगलं, आणि ब्रेक आपोआपच अजून दाबला जायला लागला. चाक पूर्ण लॉक झालं असतं तर मी आज हे लिहायला नसतो. तेव्हापासून दीड-दोन वर्षं उभी असलेली गाडी कॅलिपर खोलून साफ केल्याशिवाय आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय मी हायवेला काढत नाही, मालक काहीही सांगो.

ब्रेक ऑइल का बदलायचं तेही सांगतो. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, चालवा नाहीतर उभी ठेवा. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ठरलेल्या मानकानुसार ती मर्यादा 155 अंशांवर आली तरी चालते. लांब घाट उतरताना ब्रेक तेवढे तापू शकतात, आत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो, ब्रेक लागतच नाही. शहरात हे कधी कळणार नाही. झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच टाका, आणि डॉट 5 व डॉट 5.1 एकच समजू नका, 5 हे सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळत नाही.

टायरचं सोपं आहे. टायरच्या बाजूला DOT अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. आठ वर्षांच्या कमी चाललेल्या गाडीला बहुतेक मूळचेच टायर असतात, नक्षी भरपूर, दिसायला नवे, आणि रबर वाळून कडक झालेलं. नखाने दाबून बघा, खाचांच्या तळाशी बारीक चिरा आहेत का बघा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा, तोही उन्हात उभा राहिलेला टायर असेल तर त्यावर मी ओल्या रस्त्यावर वळण घेणार नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. टायरचा खर्च भावातच धरा.

आता घरबसल्या काय करायचं. मालकाला चार गोष्टी मागा. दोन्ही टायरच्या आकड्यांचा फोटो. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकाच्या) दातांचा जवळून फोटो. चेसिस नंबरचा फोटो. आणि थंड इंजिन चालू करतानाचा न कापलेला व्हिडिओ, ज्यात सुरुवातीला तो इंजिनावर उघडा हात ठेवून दाखवतो, मग चालू करतो, आणि पाच मिनिटं चालू ठेवून सायलेन्सर दाखवतो. चांगला मालक हे सगळं संध्याकाळपर्यंत पाठवतो. जो टाळाटाळ करतो, येऊन बघा म्हणतो, त्याच्याकडे मी जात नाही, मग गाडी कितीही स्वस्त असो. का विकताय हे विचारण्यात फार अर्थ नसतो, त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. शेवटचं काम काय केलं, कधी केलं, कोणाकडे केलं हे विचारा. ज्याने गाडी सांभाळलीय त्याला हे आठवत असतं.

आणि शक्य असेल तर त्या गावातला एखादा मेकॅनिक शोधा, मालकाच्या ओळखीचा नको, त्याला त्याच्या वेळेचे पैसे देऊन गाडी बघायला पाठवा. लोक इथे हात आखडता घेतात, पण तुमच्या जाण्यायेण्याच्या खर्चापेक्षा हे बहुतेक कमीच पडतं. त्याच माणसाकडे नंतर टायर, ऑइल, ब्रेकचं कामही करून घेता येतं.

तिथे पोचल्यावर. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर लगेच फसवणूक म्हणून वाद घालायचा नाही, पण ते गार होईपर्यंत बाकीचं बघा आणि मगच चालू करायला सांगा, कारण जुन्या इंजिनाच्या खोडी थंड असतानाच दिसतात. चालू झाल्यावर धूर बघा. थंडीत सुरुवातीला पांढरट वाफ येऊन थांबते, ती सायलेन्सरमधल्या पाण्याची, त्याची काळजी नको. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बऱ्याचदा दुरुस्त होण्यासारखं. रेडिएटरची गाडी असेल आणि दाट पांढरा धूर गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत जातंय, तिथून निघा. रेडिएटरवाली गाडी पंखा स्वतःहून चालू होऊन बंद होईपर्यंत आयडलिंगला ठेवा. कंटाळवाणं आहे, पण ट्रॅफिकमधे पंखा लागला नाही तर काय होतं ते मी बघितलंय.

पडलेली गाडी ओळखायला टाकीवरचे ओरखडे बघू नका, टाकी रंगवता येते. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर जिथे टेकतं ती चेसिसवरची जागा बघा, तिथे चेपलंय किंवा वेल्डिंग दिसतंय का. पुढून जोरात आपटलेल्या गाडीची खूण बऱ्याचदा तिथे राहते. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, अगदी मधे बारीक खटका लागला तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, सरळ रस्त्यावर गाडी डुलणार. त्याच वेळी चाक वरखाली धरून हलवा, बेअरिंगचा खुळखुळाट कळतो. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर बोट फिरवा, ऑइलचा ओघळ असेल तर सील फुटलंय, आणि ते ऑइल ब्रेक पॅडवर जात असेल तर मुकाट्याने काम करून घ्या, तसंच निघू नका.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून मागे ओढा, दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन संपलीय. ढिलाई एका जागी बघून चालत नाही, चाक फिरवत चार जागी बघा, बहुतेक गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर सांगितलेली असते पण लांब सस्पेन्शनच्या गाडीला जास्त लागते, स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) स्टिकर वाचा. एका जागी ताठ आणि एका जागी सैल असेल तर बदलायचीच.

करंटसाठी मी एक छोटा मल्टिमीटर बरोबर नेतो. बारा व्होल्टची गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. चालू करून हेडलाइट लावून थोडा थ्रॉटल दिला की साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे यायला हवं. तेराच्या खालीच राहिलं तर चार्जिंग होत नाहीये, आणि पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) गेलाय, बॅटरी उकळेल. हे इंजिन थंड असताना एकदा आणि पूर्ण तापल्यावर एकदा असं दोनदा बघायचं, कारण स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) आणि रेग्युलेटर बऱ्याचदा तापल्यावरच दगा देतात. नवीन बॅटरी टाकलीय हे मालकाने कौतुकाने सांगितलं ना, त्यावर मला हाच प्रश्न पडला, जुनी वयाने गेली का चार्जिंगच नव्हतं.

कागदपत्रांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, त्यामुळे तुमच्याकडे काय लागतं ते तुम्ही तिथल्या नोंदणी कार्यालयाकडूनच विचारून घ्या. पण तीन गोष्टी सगळीकडे सारख्या. चेसिसवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवायचा. सतरा अक्षरांच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, एक आणि शून्य यांच्याशी घोळ होऊ नये म्हणून, तेव्हा कागदावर ती दिसली तर कुठेतरी चूक किंवा गडबड आहे. दुसरं, कागदावर नाव त्याचंच आहे का आणि गाडीवर कर्ज बाकी आहे का. तिसरं, जे लोक हमखास विसरतात, विक्रीपासून नाव बदलेपर्यंतच्या मधल्या दिवसांत विमा नक्की कोणाचा. त्याच्या नावाचा विमा तुम्ही चालवताना लागू होतो असं गृहीत धरू नका, निघण्याआधी विमा कंपनीला विचारून लेखी घ्या. नऊशे किलोमीटर विम्याशिवाय चालवणं मला मान्य नाही, स्वतःसाठीही आणि समोरून येणाऱ्यासाठीही.

समजा इथपर्यंत सगळं जमलं आणि गाडी घेतली. त्या दिवशी निघायचं नाही. हे मी जरा हट्टानेच सांगतो. शिळं पेट्रोल काढून नवीन भरा, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा (उभ्या गाडीत उंदीर तिथेच घर करतात), ब्रेकचं काम करा, टायरची हवा थंड असताना भरा. मग संध्याकाळी त्याच गावाभोवती पन्नास-साठ किलोमीटर फिरा, मेकॅनिकपासून लांब न जाता. गाडी पहिल्या तासाभरात जे बिघडायचं ते बरंचसं दाखवून देते, आणि ते ओसाड रस्त्यापेक्षा मेकॅनिकच्या दारात दाखवलेलं बरं. रात्री झोपा. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, अनोळखी गाडी आणि अनोळखी रस्ता हे तीन एकत्र आले की अपघाताला चौथं काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघा. पहिला थांबा दहा किलोमीटरवर, मग तीस, मग साठ, मग शंभर. प्रत्येक थांब्याला दोन्ही डिस्कजवळ आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन धग बघायची, स्पर्श करायचा नाही. एक बाजू विनाकारण जास्त तापलेली असेल तर तिथे काहीतरी घासतंय. खाली ऑइल टपकतंय का, आरसे, नंबर प्लेट, सायलेन्सरचे बोल्ट ढिले झाले का. ऑइलची पातळी पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरवर बघायची, मॅन्युअलमधे दिलेल्या पद्धतीने, काही गाड्यांत इंजिन बंद करून थोडं थांबून बघायची असते. पेट्रोलवर विश्वास ठेवू नका, गेज चुकीचा असू शकतो, पहिल्यांदा शंभर किलोमीटरवरच टाकी फुल करा म्हणजे ही गाडी किती पिते ते कळेल. आणि गाडी मधेच दम तोडायला लागली तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा, फुस्स आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. या एका गोष्टीपायी लोकांनी कार्ब्युरेटर खोलून ठेवलेले मी बघितलेत.

दोन दिवसांचं म्हणाल तर तुम्हाला तीन लागतील. पहिल्या दिवशी दोनशे-अडीचशेच्या वर जाऊ नका, शहरात चार वर्षं चालवलीय म्हणून सलग सात-आठ तास हायवेला जमेल असं नसतं, मनगटं, मान आणि डोळे आधी थकतात आणि आपल्याला कळतं उशिरा. अंधार पडायच्या आत थांबा, नव्या गाडीचा हेडलाइट कुठे पडतो तेही तुम्हाला अजून माहीत नसणार.

हत्यारं फार नेऊ नका पण नेमकी न्या. 8, 10, 12, 14, 17 चे पाने (युरोपियन गाडी असेल तर 13 चाही), अॅलन की, प्लग पाना, आणि मागच्या एक्सलच्या नटाचा आकार मालकाला आधी विचारून तेवढा एक मोठा पाना. पंक्चर किट आणि छोटा पंप, ट्यूबची गाडी असेल तर ट्यूब आणि ती काढायचे लिव्हर. फ्यूज, टेप, वायरचा तुकडा, केबल टाय, क्लचची केबल. हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचेच न्या, तिथे मिळेल म्हणून जाऊ नका.

आता सरळ विचाराल की मी तुमच्या जागी काय केलं असतं, तर बघायला गेलो असतो, पटली तर घेतली असती, आणि टायर मूळचे निघाले किंवा कॅलिपर अडकलेले निघाले आणि तिथे काम करायला चांगला माणूस नसेल, तर गाडी ट्रान्सपोर्टने पाठवून स्वतः त्या परतीच्या तिकिटावर आलो असतो. त्यात मजा गेली असं वाटेल, मला समजतं ते, नवीन गाडीवरून घरी येण्याची गोष्टच वेगळी असते, मी सात वेळा उगाच नाही केलं. पण पावसाचे दिवस असतील तर मी दुसरा विचारही करणार नाही, ट्रान्सपोर्टच.

तिकीट काढण्याआधी मालकाकडून टायरच्या आकड्यांचे फोटो आणि थंड इंजिनचा व्हिडिओ मागवा. आला की गाडीचं मॉडेल आणि टाकीच्या आतला एक टॉर्च मारून काढलेला फोटो यांच्यासोबत इथे टाका, त्यावरून चालवत आणायची का नाही ते नक्की सांगता येईल.